थंडीची वाफ

आमच्या भोरदऱ्यात सगळं हात वर करून ठरतं. बोअर कुणी घ्यायचा, ऊस कुणी लावायचा नाही, लग्नात डीजे किती वेळ वाजवायचा, मोकाट कुत्र्यांचं काय करायचं, सगळं. शेजारच्या हिवरे बाजारनं ग्रामसभेच्या जोरावर नाव काढलं, तेव्हापासून आमच्या लोकांच्या पोटात जे दुखायला लागलं ते काही थांबलं नाही. त्यांनी पाणी अडवलं, माती धरली, वर्षानुवर्षं राबले. आमच्यांना एवढा दम कुठला! आमच्यांनी त्यातला सगळ्यात सोपा भाग उचलला. हात वर करायचा. त्याला ना कुदळ लागते ना घमेलं.

आणि नुसता वर करून भागत नाही, सगळ्यांनी करायचा. वेशीतल्या कमानीवरच लिहून ठेवलंय, 'एकमताचं गाव'. आजवर एकाही ठरावाला विरोध नाही, अशी आमची ख्याती. विरोध होणार कसा? ज्याला पटलेलं नसतं तो सभेला येतच नाही, आणि आला तरी शेजारच्याचा हात वर गेला की ह्याचाही आपोआप जातो.

मी पंकजा, गावची आशाताई. गरोदर बायकांची काळजी, पोरांच्या लसी, रक्तवाढीच्या गोळ्या, दवाखान्याच्या फेऱ्या, हे माझं काम. माझं तोंड फार चालतं असं गाव म्हणतं. चालतंय तर चालतंय. गावात कुणाचं तरी चालायला पाहिजे.

तर गावाला एक गाडी आहे. गोरक्षनाथ शेठ म्हणून आमच्याच गावचे, पुण्यात इमारती बांधतात, त्यांनी दिलेली. जुनी डिझेल जीप, मागं पेशंटला आडवं करता येईल असं बाकडं, टपावर लाल दिवा. दोन्ही बाजूंना शेठच्या वडिलांचं नाव, 'यांच्या स्मरणार्थ', एवढं मोठं की 'रुग्णवाहिका' लिहायला जागाच उरली नाही. ते बिचारं मागच्या काचेच्या कोपऱ्यात बसलंय. गाडी चालवायचं काम दिलावरभाईंकडं. गावात त्यांचं एकच मुसलमान घर. माणूस मऊ, कुणाला उलटून बोलणार नाही. त्यांचा मुलगा फरदीन सुप्याला एमआयडीसीत कामाला आणि सून फरहीन पहिलटकरीण.

फरहीनचं मी पहिल्यापासून बघत होते. अंगात रक्त कमी, पुढं पुढं बीपीही वाढायला लागलं. नगरच्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "हिचं घरी करायचं नाही. कळा सुरू झाल्या की लगेच इकडं आणायचं. उशीर करू नका." गावापासून नगरपर्यंत जायचं म्हणजे मध्ये आमचा घाट. म्हणजे सगळी भिस्त त्या गाडीवर.

आणि नेमकी ती गाडी सकाळी धूर ओकायला लागली.

दिवाळी होऊन थंडी पडली तेव्हाची गोष्ट. दिलावरभाई सकाळी किल्ली फिरवायचे आणि मागनं पांढरा लोट निघायचा. समोरच्या दुकानाची पाटी दिसायची नाही. जरा वेळ तशीच चालू ठेवली, इंजिन तापलं, की धूर गायब. दिवसभर बघाल तर गाडी एकदम शहाणी.

एक दिवस त्यांनी मला बोलावून पुढचं झाकण उघडून दाखवलं. "ताई, रोज सकाळी पानी भरतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा कमी. खाली बघा, थेंब न्हाई. मंग पानी जातं कुठं?"

"कुठं?"

"ह्या धुरात." त्यांनी ऑईलचं टोपण काढून उलटं धरलं. आतून दुधाळ, चिकट काहीतरी लागलेलं. "ऑईल काळं पायजे. ह्येच्यात पानी मिसळलंय."

सुप्याच्या मेकॅनिकनं त्यांना स्पष्ट सांगितलं होतं. हेड गॅस्केट गेलंय. इंजिनाचे वरचा आणि खालचा असे दोन भाग, त्यांच्या मध्ये जो पत्रा असतो तो एका जागी फाटलाय. रात्रभर इंजिन थंड झालं की त्या फटीतून पाणी आत झिरपतं आणि सकाळी त्याची वाफ होऊन बाहेर पडते. गरम झालं की लोखंड फुगतं, फट दबते, धूर थांबतो. निळा धूर असता तर ऑईल जळतंय, काळा असता तर डिझेल नीट जळत नाही. हा पांढरा, म्हणजे पाणी. आज नुसता धूर आहे, उद्या चढाला इंजिन तापून जागेवर बसेल. गाडी आठवडाभर सोडा, खोलून करून देतो.

ह्यात अवघड काय होतं, सांगा बरं? भोरदऱ्यात घरटी ट्रॅक्टर. सकाळी पांढरा धूर आणि पाणी कमी म्हणजे काय, हे इथलं शेंबडं पोर सांगेल. कुणाच्या स्वतःच्या ट्रॅक्टरला असा धूर आला असता, तर तो आंघोळ न करता सुप्याला पळाला असता. पण ही पडली गावाची गाडी.

"सभेत मांडा की," मी दिलावरभाईंना म्हटलं.

"तुमी मांडा, ताई," ते टोपण पुसत म्हणाले. "आमचं एकच घर."

मांडलं मी. सरपंच श्रीमंतरावांनी ऐकून घेतलं आणि असा चेहरा केला, जसं काही मी देवळात चप्पल घालून गेले. "आशाताई, गाडीवर गोरक्षशेठच्या वडलांचं नाव हाय. उन्हाळ्यात आदर्श गावाची समिती यायचीय. त्याच सभेत शेठ सभामंडप जाहीर करनार हायेत. आन आत्ता आपन त्यांना कळवायचं, तुमच्या वडलांच्या नावाची गाडी बिघडलीय म्हनून?"

"वडील बिघडले असं कुठं म्हणतीय मी? गॅस्केट बिघडलंय. आणि शेठला कळवायचं कशाला? आपण दुरुस्त करू."

"दुरुस्त करायला ठराव पायजे. ठराव समितीच्या पुढं जानार. म्हंजे कळलंच की." श्रीमंतराव सभेकडं वळले. "आपल्याकडं हुकूमशाही न्हाई. सभा स्वतः धूर बघंल आन सभाच ठरवंल."

एकमतानं मंजूर. धुराची पाहणी रविवारी, जेवणं झाल्यावर, चावडीपुढं.

रविवारी सगळे पान खाऊन जमले. श्रीमंतरावांनी किल्ली फिरवायला सांगितली. गाडी सुरू झाली, आणि मागनं काही नाही. साधी काजळीची रेघही नाही. लोक माझ्याकडं बघून हसायला लागले.

मी गाडीकडं बघितलं. बॉनेटवर चावडीतली मांजर पाय पसरून झोपली होती. एवढी गाडी हादरत होती तरी बया उठायला तयार नाही. थंडीच्या दिवसांत मांजर थंड पत्र्यावर कशाला झोपेल?

"सरपंच, ही गाडी आधी चालवून आणलीय," मी म्हटलं. "बॉनेट तापलंय. मांजर बघा की कशी शेकत पडलीय."

"मांजराचं मत सभेत धरत न्हाईत," श्रीमंतराव म्हणाले. सभा खदाखदा हसली. दिलावरभाई स्टेअरिंगकडं बघत बसले होते. सभेआधी गाडी कुणाच्या हुकमानं फिरवली, हे त्यांना विचारायची गरजच नव्हती.

मी हटले नाही. म्हटलं, धूर गार इंजिनाचा आहे, बघायचा तर गार इंजिनाचा बघा. उद्या उजाडायला या. रात्रभर गाडीला हात लावायचा नाही. तेव्हा आमचे माधव गुरुजी पुढं आले. गुरुजी म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, गावात शुद्ध बोलणारा एकमेव माणूस, त्यामुळे ते काहीही बोलले तरी लोकांना ते खरं वाटतं. गुरुजी म्हणाले, "सूचना योग्य आहे. निरीक्षण शास्त्रीय पद्धतीनेच व्हावे." मला वाटलं, चला, एक तरी माणूस निघाला.

सोमवारी उजाडता उजाडता सगळे आले. मफलरी, कानटोप्या, गुरुजींच्या अंगावर शाल. दवानं गाडीची काच पांढरी झाली होती. दिलावरभाईंनी किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, अडखळलं, आणि मग जो पांढरा लोट निघाला तो चावडीच्या पायऱ्या चढून आत गेला. जरा गोडसर वास. पायपातून पाण्याचे थेंब टपटप खाली पडत होते.

"बघा," मी म्हटलं. "आता तरी डोळे उघडा."

लोक धुराभोवती गोल करून उभे राहिले. कुणी वास घेतला, कुणी हात धरून बघितला. एकानं तर पायपाजवळ बोट नेऊन चाटलं. आणि मग सुरू झालं. एक म्हणे पांढरा नाही, राखाडी आहे. दुसरा म्हणे उजेड कमी म्हणून तसा दिसतोय. तिसऱ्यानं मोबाईलवर कुठला तरी व्हिडिओ लावला, त्यात हिंदीत सांगत होते की थंडीत असं होतंच. ह्यातल्या प्रत्येकाच्या दारात ट्रॅक्टर उभा, बरं का.

मग गुरुजींनी घसा साफ केला. "पंकजाताई, हिवाळ्यात आपण श्वास सोडला की काय दिसते?" त्यांनी माझ्यापुढं 'हा' करून तोंडातून वाफ काढून दाखवली. "ही पाहा. पांढरीच आहे. मग माझेही हेड गॅस्केट गेले आहे काय?"

असे हसले लोक, की त्या हसण्याचीच केवढी वाफ झाली. गुरुजी स्वतःवर इतके खूश, की त्यांनी ते दोनदा करून दाखवलं.

"तुमचं पाणी रोज कमी होतं का गुरुजी?" मी विचारलं. पण ते कुणाला ऐकायचंच नव्हतं.

श्रीमंतरावांनी तिथंच, धुरातच, ठराव घेतला. गाडीतून निघणारा धूर हा धूर नसून थंडीची वाफ आहे. गाडी उत्तम आहे. ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करावा.

हात वर गेले. शालीतनं, स्वेटरातनं, घोंगडीतनं. माझा नव्हता. श्रीमंतरावांनी बघितलं आणि म्हणाले, "आशाताईंचं मत धरता येत न्हाई. त्या सरकारी कर्मचारी."

वा रे वा! मानधन वाढवा म्हटलं की आम्ही स्वयंसेविका, आणि मत द्यायची वेळ आली की सरकारी कर्मचारी!

पण मला त्याचा राग नव्हता आला. त्या माणसाकडून मला दुसरी अपेक्षाच नव्हती. राग आला तो वेगळ्याच माणसाचा. गाडीच्या दारातून बाहेर आलेला एक हात मला दिसला. तोही वर होता. ज्या हातानं रोज सकाळी पाणी भरलं, ज्या हातानं मला ते दुधाळ टोपण दाखवलं, तो दिलावरभाईंचा हात.

सभा उठल्यावर मी त्यांना गाठलं. "लाज नाही वाटली? घरात सून दिवस भरत आलीय. तिला कशातनं नेणार आहात, ठरावातनं?"

ते खाली बघत म्हणाले, "ताई, समदे वर करत हुते. माझा एकट्याचा खाली राह्यला असता तर दिसला असता."

असं वाटलं, ह्या माणसाला धरून गदागदा हलवावं. मग वाटलं, आपल्याला बोलायला काय जातंय, आपल्या भावकीची बारा घरं आहेत गावात. तरीपण राग गेला नाही. तो काय असा सांगून जातो?

संक्रांत होऊन गेली आणि एका सकाळी मलिकाभाभी, म्हणजे फरहीनची सासू, माझ्या दारात आल्या. पदर खांद्यावरून घसरलेला, चप्पल नाही. "पंकजा, चल. पानी गेलंय पोरीचं."

मी गेले तेव्हा फरहीन भिंतीला धरून उभी होती. चेहरा पांढराफटक. मी बीपी बघितलं, भलतंच चढलेलं. सरकारी गाडीला फोन लावला, ती आधीच लांबच्या एका पेशंटला घेऊन निघालेली. सरपंचांची स्वतःची गाडी त्यांना घेऊन नगरला गेलेली. राहिली कोण? थंडीची वाफ.

दिलावरभाईंनी पाणी भरलं, किल्ली फिरवली. पांढरा लोट निघाला, त्यात आम्ही पोरीला हाताला धरून चाचपडत मागं चढवलं. फरहीन खोकत म्हणाली, "अब्बा, दिसत न्हाई कायबी." गाडी गरम होईपर्यंत थांबायला वेळ नव्हता, तशीच काढली.

घाटाच्या मध्यावर तापमानाचा काटा लाल रेघेवर गेला. दिलावरभाई एका हातानं स्टेअरिंग धरून दुसऱ्या हातानं डॅशबोर्डवर थापा मारत होते, जशी बैलाच्या पाठीवर मारतात. "चल गं माझे आई, चल." मग पुढून फुस्स करून वाफ आली, ही खरी वाफ, आणि गाडी जागेवर बसली. मेकॅनिकनं सांगितलं होतं अगदी तसंच. आजूबाजूला नुसते खडक, फोनला रेंज नाही, आणि मागं पोरगी माझा दंड नखानं ओरबाडत ओरडतेय.

आता पुढचं ऐका. मी हे मरेपर्यंत विसरणार नाही.

त्या वेळेला आमचे लोक मोटारसायकलीवर नगरच्या बाजाराला निघतात. एक आला, थांबला. दुसरा आला. बघता बघता बॉनेटभोवती घोळका जमला. बॉनेट उघडं, आत सगळं उकळतंय, आणि हे कमरेवर हात ठेवून वाकून बघतायत.

"हेड गॅस्केट," पहिला म्हणाला.

"मंग काय तर. हेड गॅस्केटच."

"सकाळी धूर येत व्हता ना पांढरा? तवाच कळायला पायजे हुतं."

"पानी पीत व्हती ती. आमच्या ट्रॅक्टरला असंच झाल्तं. दुसऱ्याच दिवशी खोललं मी."

आणि कोणाच्या तरी मागं बसून पेन्शनीच्या कामाला निघालेले आमचे माधव गुरुजी खाली उतरले, चष्मा सारखा करत आत डोकावले आणि म्हणाले, "मी तेव्हाच म्हणत होतो."

मी गाडीतून डोकं बाहेर काढलं. जे तोंडात आलं ते बोलले. सगळं इथं लिहीत नाही. "हात वर करताना कुठं मेली होती रे तुमची अक्कल? एकाला तरी ठाऊक नव्हतं का? एकाला तरी? मसणात जाऊ दे ते गॅस्केट! खाली जा, गाडी बघा कुठली तरी, पळा!"

ते एकमेकांकडं बघायला लागले. जावं तर कुणी जावं, हे कोण सांगणार? तिथं सरपंच नव्हते ना! शेवटी दिलावरभाईच रस्त्याच्या मध्ये जाऊन दोन्ही हात पसरून उभे राहिले. घाट उतरून पलीकडच्या गावचा दुधाचा टेम्पो येत होता. त्यानं ब्रेक मारला. चांगला मनुष्य, त्यानं एक शब्द विचारला नाही. कॅन धडाधड कडेला उतरवले, दूध रस्त्यावर सांडलं, त्यानं तिकडं बघितलंही नाही. टेम्पोच्या हौद्यात गोणपाट, त्यावर मलिकाभाभींची चादर. टेम्पो जागेवर वळवला आणि निघालो.

घाट संपायच्या आत पोरगं बाहेर आलं. काळं-निळं पडलेलं, आवाज नाही. मी त्याला उलटं धरलं, पाठ चोळली, तोंडातलं काढलं, देवाचं नाव घेतलं, अल्लाचंही घेतलं, आणि शिव्याही दिल्या. मग ते रडलं. मीही रडले, लाज कसली? पण फरहीनचं रक्त थांबत नव्हतं. दवाखान्यात पोचलो तेव्हा तिची शुद्ध हरपत होती. रक्ताच्या पिशव्या लागल्या. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "अजून थोडा उशीर झाला असता तर ही तुम्हाला मिळाली नसती." दिलावरभाई दवाखान्याच्या पायरीवर बसून होते. स्वतःच्या उजव्या हाताकडं बघत होते. ते माणूस स्वतःच स्वतःला पुरेसं बोलत होतं.

पोरगं काचेच्या पेटीत राहिलं, मग घरी आलं. फरहीन उठून बसायला उन्हाळा उजाडला. आणि गाडी? गाडी त्याच दिवशी थंड करून, पाणी भरून, हळूहळू गावात परत आणली. दुरुस्ती? समिती येऊन जाऊ दे, मग बघू. तोवर तिच्यावर भोंगा बांधून फिरवत होते.

एप्रिलात समिती आली. उन्हानं डोळ्यांपुढं अंधारी येत होती. चावडीपुढं मांडव, स्टीलचे जग, कूलर, पाहुण्यांना फेटे. समितीच्या मॅडम शांत, सगळं टिपून घेणाऱ्या. त्यांच्या शेजारी गोरक्षनाथ शेठ, पांढरे कपडे. गाडी मांडवाच्या कडेला लिंबाच्या सावलीत धुऊन पुसून उभी, बॉनेटला झेंडूचा हार. श्रीमंतरावांनी सकाळीच दिलावरभाईंना माझ्यादेखत सांगितलं होतं, "समिती यायच्या आधी गाडी चांगली गरम करून ठेव." दिलावरभाई म्हणाले होते, "व्हय." मी मनात म्हटलं, झालं, ह्या माणसाचं काही खरं नाही.

श्रीमंतराव भाषणाला उभे राहिले. पाणी, झाडं, गटारं झाली, आणि मग म्हणाले, "आन सर्वात अभिमानाची गोष्ट. ऐन थंडीत, पहाटेच्या गारठ्यात, आपल्या भगिनी फरहीन यांची सुखरूप प्रसूती आपल्या गावाच्या गाडीत झाली. त्याबद्दल गोरक्षशेठच्या अभिनंदनाचा ठराव मी मांडतो."

मला घाम फुटला होता तो वाळला. टाळ्या! सुखरूप! गावाच्या गाडीत! फरहीनला पुढं बोलावून ओटीत खण-नारळ घातला, खुर्चीवर बसवलं. तिच्या शेजारी दिलावरभाई नातवाला मांडीवर घेऊन बसले. फरहीननं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली.

"ती गाडी बघू या ना," मॅडम म्हणाल्या. "चालू करून दाखवा."

"का न्हाई! दिलावर, कर चालू."

दिलावरभाई उठले. दोन्ही हातांवर पोरगं. त्यांनी कमरेची किल्ली मलिकाभाभींना काढायला लावली आणि श्रीमंतरावांकडं पाठवली. "तुमीच करा, सरपंच. माझ्या हातात लेकरू हाय."

श्रीमंतराव हसत हसत आत बसले. गाडीखाली मांजर गारव्याला झोपली होती. मी तिच्याकडं बघितलं, मग दिलावरभाईंकडं. ते सरळ समोर बघत होते. आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ह्या माणसानं आज किल्लीला हातसुद्धा लावलेला नाही.

श्रीमंतरावांनी किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, मांजर पळाली, आणि पांढरा लोट थेट मांडवात घुसला. फेटे दिसेनात, फलक दिसेना, शेठचे पांढरे कपडे धुरात दिसेनात. लोक खोकायला लागले. श्रीमंतराव घाईघाईनं खाली उतरले आणि धुरातच उभे राहिले, गाडी तशीच चालू.

मॅडमनी नाकाला रुमाल लावला. "हे काय आहे? ड्रायव्हर कोण आहे?"

"मी हाय, म्याडम."

"एवढा धूर कसला?"

"धूर न्हाई, म्याडम," दिलावरभाई म्हणाले. त्यांच्या कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्यावरून खाली ठिबकत होता. "थंडीची वाफ हाय."

"ह्या उन्हात?"

"गावाचा ठराव हाय. एकमतानं झालाय. माझाबी हात वर हुता."

गोरक्षनाथ शेठ श्रीमंतरावांकडं बघत होते, श्रीमंतराव गुरुजींकडं, गुरुजी स्टीलच्या जगाकडं. मग मी उभी राहिले. आता मला कोण थांबवणार होतं?

"सभेपुढं एक विषय आहे," मी म्हटलं. "आत्ता ह्या घडीला ज्यांना ज्यांना थंडी वाजतीय, त्यांनी हात वर करा."

एकही हात हलला नाही. नाही म्हणायला गुरुजींचा सवयीनं निम्म्यापर्यंत आला होता, त्यांनी त्यानंच फेटा खाजवला. भोरदऱ्यात एवढं खरं एकमत त्याआधी झालेलं मी तरी पाहिलेलं नाही.

फरहीन उठली. अजून चालताना तिला धरावं लागतं, पण त्या दिवशी तिनं कुणाला धरलं नाही. नारळ आणि खण खुर्चीवर ठेवला आणि मॅडमला म्हणाली, "माझं पोरगं दुधाच्या टेम्पोत झालं. शेजारच्या गावच्या. नारळ त्यांना पोचवा." मग सासऱ्याच्या हातातून लेकरू घेतलं, त्याच्या तोंडावर ओढणी टाकली आणि त्या पांढऱ्या लोटातून बाहेर चालायला लागली. मागनं मलिकाभाभी, मग दिलावरभाई, मग मी.

वेशीपाशी वळून बघितलं. गाडी अजून चालूच होती आणि मांडवभर पांढरंफेक. ती बंद करायलाही कुणी उठलं नव्हतं. ठरावाची वाट बघत असतील.